खोल्यांची यादी

लग्नात, बारशात, कुठंही गेलं की मला एक वाक्य हमखास ऐकू यायचं. "तुमची मजा आहे बुवा, फुकटात जग बघता." मी हसून मान डोलवायची. केपटाऊनला मी अकरा वेळा गेले. त्या शहराच्या मागं माथा सपाट असलेला मोठा डोंगर आहे. जगभरातून लोक तो बघायला येतात. अकरापैकी दोन वेळा मी त्याच्यावर गेले. बाकी नऊ वेळा मी खालीच होते, कुणाची तरी हरवलेली टोपी, चष्मा किंवा नवरा शोधत.

मी आधी वेरूळला गाइड होते. परदेशी पाहुण्यांना लेणी दाखवता दाखवता इंग्रजी सुधारलं आणि माणसं हाकायची सवय लागली. मग संभाजीनगरातल्याच एका यात्रा कंपनीनं मला टूर मॅनेजर म्हणून घेतलं. गेल्या वर्षी थांबले, गुडघ्यांमुळं. दिवाळी अंकासाठी दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याच्या सहलीबद्दल लिहा, पेंग्विन, व्हेल, द्राक्षमळे, वाइन, सगळं येऊ द्या, असं संपादकांनी सांगितलंय. सगळं येईल. पण त्या अकरा सहलींमधली एकच सहल मला दिवसावार आठवते, आणि ती काही व्हेलमुळं नाही.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. टूर मॅनेजर तीन याद्यांवर जगतो. पहिली डोक्यांची. बस हलायच्या आधी प्रत्येक वेळी डोकी मोजायची. हात लावून मोजायचं नाही, लोकांना राग येतो, नजरेनं मोजायचं. दुसरी जागांची. बसमधल्या पुढच्या जागा सगळ्यांना हव्या असतात, म्हणून रोज प्रत्येकानं दोन ओळी मागं सरकायचं, आणि शेवटच्यांनी पुढं यायचं. ऐकायला सोपं आहे. वर्षानुवर्षं एकाच घरात राहिलेले दोन सख्खे भाऊ या पुढच्या जागेवरून माझ्यासमोर एकमेकांशी बोलायचे बंद झालेत. तिसरी यादी खोल्यांची, आणि तीच खरी कसोटी. जोडप्यांचा प्रश्न नसतो. एकट्या आलेल्या दोन अनोळखी बायकांना बारा दिवस एका खोलीत ठेवायचं, हे स्थळ जुळवण्याहून अवघड. म्हणून आम्ही फोन करून आधीच तीन गोष्टी विचारतो. घोरता का, पहाटे किती वाजता उठता, एसी सोसतो का. आडनाव विचारत नाही. ते अर्जावर असतंच.

त्या सहलीला आम्ही छत्तीसजण होतो. बहुतेक संभाजीनगरचे, काही पैठण, वैजापूरकडचे. जोडीशिवाय आलेल्या बायका दोनच. एक निर्मलाकाकू, पैठणकडच्या मोठ्या बागायतदार घरातल्या, यजमान जाऊन तीन वर्षं झालेली. सोबत त्यांची धाकटी बहीण आणि तिचे यजमान होते. हे मेहुणे पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले, सगळे त्यांना साहेब म्हणायचे आणि त्यांना ते आवडायचं. दुसऱ्या कुसुमताई साळवे. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, इनचार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाल्या. लग्न केलं नव्हतं. भाच्यांची शिक्षणं केली, आणि ती उरकल्यावर म्हणे नकाशा उघडला. "लई लांबचं बघायचं होतं मॅडम," त्या मला फोनवर म्हणाल्या होत्या, "जवळचं काय, कधीबी दिसतं." दोघी घोरत नव्हत्या, दोघी पहाटे पाचला उठायच्या, दोघींना एसी सोसत नव्हता. मी खूश होऊन दोन नावं एका कंसात लिहिली.

विमानतळावरच कुसुमताईंची 'सिस्टर' झाली. बसमध्ये एखादी नर्स आहे असं कळलं की तिचा दवाखाना सुरू होतो. "सिस्टर, ही गोळी जेवणाआधी का नंतर?" "सिस्टर, पाय सुजलेत हो, बघता का जरा?" त्यांच्याकडं बीपीचं यंत्र होतं. केपटाऊनच्या हॉटेलात पोचलो त्या संध्याकाळी लॉबीतल्या सोफ्यावर त्यांनी नऊ जणांचं बीपी बघितलं. त्यात निर्मलाकाकूही होत्या. दंड पुढं करून बसल्या होत्या, आणि कुसुमताई त्यांना सांगत होत्या, "वाढलंय थोडं. प्रवासाचं हाय. मीठ कमी घ्या दोन दिवस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाश्त्याच्या जागी उभी राहून कोण शाकाहारी आणि कोण नुसतं तसं सांगतंय हे बघत होते, तेव्हा निर्मलाकाकू आल्या. मला खांबाच्या आड घेतलं.

"मॅडम, मला खोली बदलून पायजे."

"का हो काकू? काही त्रास?"

"त्रास काय नाय. बाई चांगल्या हायेत. पण पहाटं उठून त्यांनी मूर्ती मांडली. वंदना म्हनली. मला आधी ठाऊक असतं तर..." त्या थांबल्या. "आमच्यात नाय चालत. मी कुणाला वाईट बोलत नाय. तुम्ही समजून घ्या."

मी समजले. म्हणजे मला लगेच, पहिल्याच वाक्याला समजलं होतं. मी उगाच 'का हो' विचारलं होतं. आता मी काय करायला हवं होतं ते मला आज स्पष्ट दिसतं. तेव्हा माझ्या समोर छत्तीस माणसं होती, दहा मिनिटांत बस सुटायची होती, आणि आमच्या धंद्याचा पहिला नियम माझ्या अंगात मुरलेला होता की भांडण बसमध्ये चढू द्यायचं नाही. मी म्हणाले, "बघते काकू, काहीतरी करते."

जे केलं ते असं. माझी स्वतःची खोली होती. एरवी टूर मॅनेजरला लिफ्टला चिकटलेली नाहीतर स्वयंपाकघरावरची खोली मिळते. त्या वेळी नशिबानं चौथ्या मजल्यावरची, समुद्राकडची मिळाली होती. संध्याकाळी मी कुसुमताईंना म्हणाले, "ताई, हॉटेलवाल्यांनी एका ज्येष्ठ प्रवाशाला स्वतंत्र खोली देऊ केलीय. मी तुमचं नाव दिलं." त्यांनी माझ्याकडं क्षणभर बघितलं. "थँक यू मॅडम," म्हणाल्या, आणि बॅग भरायला गेल्या. मी माझं सामान घेऊन निर्मलाकाकूंच्या खोलीत गेले. माझं आडनाव त्यांना चालत होतं.

खोटं कशाला सांगू, मी स्वतःवर खूश होते. कुणाचा आवाज चढला नाही, कुणाचा अपमान झाला नाही, एकीला समुद्र मिळाला, दुसरीचं मन राखलं गेलं, आणि गैरसोय सोसली ती फक्त मी. असं मला वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी किनाऱ्याकिनाऱ्यानं पेंग्विन बघायला जायचं होतं. आमचा ड्रायव्हर नॉर्मन, साठीला आलेला, तिथलाच. बारा दिवस तोच बस चालवणार होता. तिकडे ड्रायव्हरनं माइकवरून दोन शब्द बोलायचे असतात, आणि मी ते मराठीत सांगायचे. एका वळणावर खाली वाळूत लाल, पिवळ्या, निळ्या लाकडी खोल्यांची रांग दिसली, समुद्रस्नानाला आलेल्यांनी कपडे बदलायच्या. सगळ्यांनी मोबाइल खिडकीला लावले. नॉर्मननं बस हळू केली आणि बोलायला लागला.

तो म्हणाला, "मी सात वर्षांचा होतो. आईनं डबा बांधला होता. आमच्यासारख्या रंगाच्या लोकांसाठी वेगळा किनारा होता, लांब, खडकाळ, लाटांचा. तिकडे जाताना आम्ही इथं उतरलो. मी रंगीत खोल्या बघून पळत सुटलो. पाटी होती, फक्त गोऱ्यांसाठी. मला वाचता येत होतं. पण मला वाटलं, ते मोठ्या माणसांसाठी असेल. एका माणसानं मला दंडाला धरून वर आणलं आणि आईच्या हातात दिलं. पोलिसांना बोलवत नाही, म्हणाला. आई त्याला थँक यू म्हणाली. पाटीचं मला काही वाटत नाही आता. आई थँक यू म्हणाली ते मात्र जात नाही."

मी हे मराठीत सांगितलं. चांगलं सांगितलं. लेण्यांत वर्षानुवर्षं बोलल्यामुळं कुठं थांबायचं ते मला कळतं. बसभर लोक चुकचुकले. साहेब म्हणाले, "काय अमानुष लोक!" निर्मलाकाकूंनी डोळ्यांना पदर लावला. "लेकराला असं करावं? सात वरसाच्या? मानूस हाय का जनावर," त्या बहिणीला म्हणाल्या, आणि ते खरंच आतून आलेलं होतं. मी त्यांच्या शेजारच्या खाटेवर झोपत होते, मला त्या माणूस म्हणून वाईट नव्हत्या दिसत. हेच अवघड आहे.

कुसुमताई त्या दिवशी सहाव्या ओळीत होत्या. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

पेंग्विन म्हणजे गुडघ्याएवढे पक्षी. मोठमोठ्या गोल दगडांच्या मधे वाळूत शेकड्यानं उभे असतात आणि गाढवासारखे ओरडतात. आपली माणसं त्यांच्यावर फार प्रेम करतात. "बघा बघा, आमच्या हेडमास्तरांसारखा चालतोय," असं कुणीतरी म्हणतंच. लाकडी पुलावरून बघायचं, खाली उतरायचं नाही. मी पुलाच्या टोकाला उभी राहून डोकी मोजत होते. कुसुमताई शेजारी येऊन कठड्याला टेकल्या.

"छान सांगितलं मॅडम तुम्ही. त्या ड्रायव्हरचं."

"त्यांनीच छान सांगितलं. मी नुसतं..."

"मीपण काल तुम्हाला थँक यू म्हनले."

मी त्यांच्याकडं बघितलं. त्या पेंग्विनकडंच बघत होत्या.

"हॉटेलनं दिली नव्हती ना खोली?"

खोटं बोलायला मला दोन सेकंद मिळाली होती. मी ती वापरली नाहीत, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल. "नाही," मी म्हणाले.

"माझ्या खाटंवर तुम्ही झोपताय. मला त्याच दिवशी कळलं. चाळीस वरसं वॉर्डात काढली, कुनाला कुठल्या खाटंवरून का हलवतात ते कळतं मला."

"ताई, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून केलं. त्या काही ऐकणाऱ्यातल्या नाहीत. उगाच तुम्हालाच ऐकून घ्यावं लागलं असतं."

"ऐकलं असतं. मला काय नवं हाय का? पण ते त्यांच्या तोंडून ऐकलं असतं. तुम्ही मधी पडदा लावला, आन पडद्यामागं मला ठेवलं." त्या शांतपणे बोलत होत्या, एखाद्या पेशंटच्या नातेवाइकाला समजावून सांगावं तशा. "पुढच्या मुक्कामाला मूळ यादीपरमानं खोल्या द्या. त्यांना नसंल राहायचं तर त्या जातील. मी कशाला जाऊ?"

"बघते," मी म्हणाले.

"बघू नका. करा," त्या म्हणाल्या, आणि चष्मा पुसत पुढं गेल्या.

मी दोन दिवस काही केलं नाही. हॉटेल तेच होतं, निमित्त होतं. चौथ्या दिवशी आम्ही द्राक्षमळ्यात गेलो, वाइन चाखायला. हा कार्यक्रम आपल्या लोकांना नीट समजावून सांगावा लागतो. ग्लासात दोन घोट देतात. हुंगायचं, तोंडात घोळवायचं आणि शेजारच्या भांड्यात थुंकायचं. थुंकायचं म्हटलं की आपली माणसं दुखावतात. आपल्याकडं पाहुणचारात दिलेलं थुंकणं म्हणजे काय! त्यामुळं सगळे गिळतात. ज्या बायका 'आम्ही नाही बाई' म्हणून लांब बसलेल्या असतात त्या तिसऱ्या ग्लासला 'नुसता वास बघते' म्हणून जवळ येतात. साहेबांनी त्या दिवशी न घेणाऱ्यांचे ग्लास संपवण्याची जबाबदारी स्वतःहून उचलली आणि बाहेर येऊन एका ओक झाडाखाली गाढ झोपी गेले.

आमच्यात वैजापूरकडचे एक अण्णा होते, सत्तरीचे, स्वतःची द्राक्षबाग असलेले. ते वाइनकडं फिरकलेच नाहीत. सरळ मळ्यात घुसले आणि तिथं काम करणाऱ्या एका बाईजवळ जाऊन उकिडवे बसले. मला हाक मारली. "मॅडम, या बाईला इचारा, छाटनी कधी करतात?" मी विचारलं. हिवाळ्यात, वर्षातून एकदा. "एकदाच? आमच्याकडं दोनदा. एप्रिलात खरड छाटनी, आक्टोबरात फळछाटनी. मंग मधल्या टायमाला येल काय करतो म्हनावं?" मी विचारलं. बाई हसली. म्हणाली, थंडीत पानं गळतात, झोपतो. अण्णांनी बराच वेळ त्या वेलाच्या खोडाकडं बघितलं. "आमच्या येलाला झोपच नाय बगा," ते म्हणाले, आणि त्या बाईला हात जोडून उठले.

परत येताना ते माझ्याबरोबर चालत होते. मधेच म्हणाले, "सिस्टरला खोलीतून काढलं म्हनं."

माझे पाय थांबले. "कोण म्हणालं?"

"समद्या गाडीला ठाऊक हाय. निर्मलाबाईंची बहीन बोलली जेवताना. आमच्या घरची लई हळहळली." अण्णांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मी काय बोललो नाय. इथं लांब येऊन कशाला बोला. पन तुमी मॅडम हाव. तुमच्याकडं बघून समद्यांनी गप ऱ्हायचं ठरीवलं."

म्हणजे मी जे झाकलं असं समजत होते ते सगळ्यांना माहीत होतं. झाकलं गेलं होतं ते एकाच माणसापासून, आणि तिलाही पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं.

पाचव्या दिवशी दुपारी हर्मानसला पोचलो. छोटं गाव, कड्यावर वसलेलं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथं व्हेल मासे पिल्लं घेऊन किनाऱ्याच्या इतके जवळ येतात की नावेत बसावंच लागत नाही. कड्यावरच्या बाकावर बसून दिसतात. बसमधून उतरल्या उतरल्या लोक पाण्याकडं धावले. मी सगळ्यांना आत बोलावलं, म्हटलं आधी चाव्या घ्या. हॉटेलच्या लॉबीत उभी राहिले आणि यादी वाचायला लागले. जोडपी झाली. मग मी वाचलं, "खोली बारा. निर्मलाताई आणि कुसुमताई."

चाव्या घेऊन निघालेली माणसं वळून बघायला लागली.

निर्मलाकाकू म्हणाल्या, "मॅडम, तुमचं काहीतरी चुकलं."

"नाही काकू. मूळ यादी हीच आहे. मधे मी बदलली होती, ते चुकलं."

"मी तुम्हाला सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं. तुम्हाला या खोलीत राहायचं नसेल तर तो तुमचा प्रश्न आहे. दुसरी रिकामी खोली नाही, आणि माझी आता मी देणार नाही. पण कुसुमताईंना मी हलवणार नाही."

साहेब पुढं आले. "अहो बाई, तुम्ही कंपनीच्या नोकर आहात. ज्येष्ठ प्रवाशाशी असं बोलतात? मी तुमच्या मालकांना चांगला ओळखतो. दरवर्षी पन्नास माणसं देतो आम्ही तुमच्या कंपनीला."

"सांगा साहेब त्यांना," मी म्हणाले. मी यादीची घडी घातली.

निर्मलाकाकूंचं तोंड लाल झालं होतं. त्या कुणाकडंच बघत नव्हत्या. शेवटी बहिणीला म्हणाल्या, "चल गं. तुमच्या खोलीत खाली पडते मी." बहिणीनं नवऱ्याकडं बघितलं. साहेबांना ही व्यवस्था फारशी आवडलेली दिसली नाही, पण आता बोलता येत नव्हतं. हॉटेलवाल्यांनी घडीची खाट दिली. पुढचे सगळे मुक्काम तिघं एका खोलीत राहिले.

कुसुमताई काउंटरशी आल्या. मी बारा नंबरची एक चावी पुढं केली.

"दोन असतात ना?" त्यांनी विचारलं.

"हो, पण..."

"एक इथंच राहू द्या काउंटरवर. त्यांच्या नावानं. आल्या तर दार उघडायला मला उठायला नको." त्यांनी आपली चावी घेतली, बॅग ओढत गेल्या. माझी नजर खाली होती, त्यामुळं त्यांचा चेहरा कसा होता ते मला सांगता येणार नाही.

दुसरी चावी तिथंच राहिली.

बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, काय फरक पडला? आधीही कुसुमताई एकट्याच खोलीत होत्या, आताही एकट्याच. मलाही तेव्हा क्षणभर तसं वाटलं. पण त्या रात्रीच्या जेवणाला त्या आल्या तेव्हा पहिल्यांदा टेबलाच्या मधल्या खुर्चीवर बसल्या. आधीचे दोन दिवस त्या कडेला बसत होत्या. मी डोकी मोजते, जागा बघते, मला ते दिसतं.

सकाळी कड्यावर व्हेल दिसले. एक आई आणि पिल्लू, दगड फेकला तर लागेल एवढ्या अंतरावर. आई पाण्यातून नुसती पाठ दाखवायची आणि मोठा श्वास सोडायची, बसच्या ब्रेकची हवा सुटावी तसा. एवढी मोठी जनावरं बघून माणसं गप्प होतात. साहेबांचं कुटुंब एका टोकाला उभं होतं, माझ्याशी बोलत नव्हतं. अण्णांच्या घरच्या, ज्यांना सगळे मावशी म्हणायचे, त्या कुसुमताईंजवळ गेल्या. "सिस्टर, तुमच्या खोलीतून दिसतो का वो मासा? मला हितं उभं ऱ्हावत नाय, पाय दुखतेत. मी येऊ का?"

"या की," कुसुमताई म्हणाल्या. "चपला राहू द्या पायात, फरशी गार हाय."

मावशी दुपारपर्यंत तिथंच होत्या. जेवायला बोलवायला गेले तर दोघी खिडकीशी खुर्च्या ओढून बसलेल्या, मधे शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, आणि मावशी स्वतःच्या चार बाळंतपणांची हकीकत सांगत होत्या. व्हेलकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.

पुढं सात दिवस प्रवास झाला. शहामृग पाहिले, गुहा पाहिल्या, समुद्रावरचा झुलता पूल पाहिला. डोकी कायम छत्तीसच भरली. निर्मलाकाकू शेवटच्या दिवशी विमानतळावर माझ्याजवळ आल्या. मला वाटलं काही बोलतील. त्यांनी फक्त विचारलं, "लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत चालंल का?" मी म्हणाले, "नाही काकू, मोठ्या बॅगेत टाका." त्यांनी टाकली.

परतल्यावर तक्रार आली, साहेबांच्या हस्ताक्षरात, तीन पानी. मालकांनी मला बोलावलं. माणूस वाईट नाही. त्यांनी मला सगळं विचारलं, मी सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण पन्नास माणसांचा प्रश्न आहे. निर्मलाबाईंना एक माफीचं पत्र लिहा, विषय संपवा." पुढची दोन वर्षं मला परदेशी सहल मिळाली नाही. कोकण, हंपी, गीरचे सिंह. तिथंही डोकी मोजायचीच असतात.

माफीचं पत्र मी लिहिलं. लिहिलं नाही असं इथं सांगितलं असतं तर माझं चित्र बरं दिसलं असतं. पण घरात सासूबाईंचं आजारपण होतं, नोकरी हवी होती. लिहिलं, सही केली, पोस्टात टाकलं. टाकून घरी आले आणि मला स्वस्थ बसवेना. ज्यांना पत्र जायला हवं होतं त्यांना ते गेलंच नव्हतं. मी दुसरा कागद घेतला.

कुसुमताई आमच्याच शहरात, गारखेड्यात राहतात. रविवारी सकाळी फोन न करताच गेले. त्यांनी दार उघडलं, आश्चर्य दाखवलं नाही, पाणी दिलं. मी पाकीट पुढं केलं. त्यांनी चष्मा लावून उभ्या उभ्याच वाचलं. मी पाठ केल्यासारखं लिहिलं होतं. आमच्या धंद्यात अशी पत्रं इतकी लिहावी लागतात की हात आपोआप चालतो. 'केपटाऊन येथील वास्तव्यात खोलीच्या संदर्भात आपली जी गैरसोय झाली, त्याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे.'

त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि त्या एका शब्दावर बोट ठेवलं.

"गैरसोय नव्हती झाली मला. खोली मोठी होती, समुद्र दिसत होता. जे झालं ते लिहा."

"ताई..."

"बसा निवांत. मी चहा टाकते. पेन हाय तिथं."

मी बसले. पहिलं वाक्य लिहायला चहाला उकळी येईपर्यंतचा वेळ लागला. खाडाखोड झाली. त्या मधे एकदा येऊन कप ठेवून गेल्या, डोकावल्या नाहीत. शेवटी जे झालं ते चार ओळींत आलं. 'निर्मलाबाईंनी तुमच्या जातीमुळे तुमच्यासोबत राहायला नकार दिला. मी त्यांना नाही म्हणाले नाही. तुम्हाला खोटं सांगून मी तुम्हाला खोलीतून हलवलं, आणि तुमच्या जागी मी झोपले. मी हे करायला नको होतं.'

कुसुमताईंनी वाचलं. एकदा, मग पुन्हा एकदा, केसपेपर वाचावा तसं वरून खालपर्यंत.

"आता बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "सही करा. आन तारीख घाला."